खालून फुगली आहे

फुगणे या एका क्रियापदाने माझं जेवढं नुकसान केलं, तेवढं फॅक्टरीतल्या तीस वर्षांत कुठल्या वरिष्ठाने केलं नसेल. फळी पाण्याने फुगते आणि माणूस रागाने फुगतो. दोन्हींना शब्द एकच. भाषा करणाऱ्यांनी इथे जरा काटकसर केली, आणि आमच्या कॉलनीत तिचा भुर्दंड माझ्या एकट्याच्या डोक्यावर पडला.

केशर, म्हणजे माझी बायको, श्रावणात पुण्याला गेली. आमच्या हर्षाचं बाळंतपण होतं. जाताना लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा मला दाखवून म्हणाली, "दोन महिन्यांचा आहे. तो संपला का मी आली समजा." मी आज्ञाधारक माणूस. डबा बरोबर दोन महिन्यांत संपवला. केशर आली नाही. दिवाळीला बाळ फार लहान होतं. दिवाळीनंतर हर्षाची रजा संपली आणि बाळाला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. पौष उजाडला तरी मी सकाळी सवयीने दोन कप चहा टाकत होतो आणि दोन्ही स्वतःच पीत होतो. डॉक्टरांनी विचारलं, ॲसिडिटी कशाने वाढली? आता त्यांना काय सांगणार?

मला करमत नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकतो. तिच्या चपला मी दाराबाहेरच राहू दिल्या होत्या. चोरांना घरात बाईमाणूस आहे असं वाटावं म्हणून, असं मी लोकांना सांगायचो. सुरुवातीला ते खरंही होतं.

तर सिंकखालचं कपाट. जवाहरनगरचं फॅक्टरीचं क्वार्टर सोडून आम्ही भंडाऱ्यात हे लहानसं घर घेतलं, तेव्हा ओट्याखाली काय करायचं यावर आमचं भांडण झालं होतं. केशरला कडप्पा हवा होता. काळा, थंड दगड, धुतला की झालं. मी मात्र नागपूरच्या एका प्रदर्शनात मॉड्युलर किचन पाहून आलो होतो. दारं गुळगुळीत, रंग बदामी, आत पार्टिकल बोर्ड. म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी. शिवाय स्वस्त. केशरने दार बोटाने वाजवून पाहिलं आणि विचारलं, "पाण्याच्या जागी भुशाची फळी कायले?" मी म्हणालो, "केशर, हे मॉड्युलर आहे." तीस वर्षं फॅक्टरीच्या तपासणी विभागात काढलेल्या माणसाने पास केलेला माल होता तो. तिने बोट पदराला पुसलं.

पावसाळ्यात सिंकचा पाइप गळायला लागला. मी एकटा; ताट एक, वाटी एक. कपाटात वाकून बघायचं काही कारणच पडलं नाही. दिवाळीत झारा शोधायला वाकलो तर दार लागेना. खालची फळी ब्रेडसारखी वर आली होती. मी घाबरून दार होतं तसं टेकवून ठेवलं आणि पौषापर्यंत तिकडे पाहिलंच नाही. मग एका संध्याकाळी फोनवर केशर सहज बोलून गेली, "बापा, मले त आता आपल्या ओट्याखाली हात घालाची इच्छाच होत नाही. इथं कसं साऱ्या इस्टीलच्या जाळ्या आहेत." ती हसत म्हणाली, पण मी मनात नोंद केली: पुण्याच्या जाळ्या तिला आवडल्या. मनाशी ठरवलं, ती यायच्या आत हे कपाट दुरुस्त करायचं, कमी खर्चात करायचं आणि तिला कळू द्यायचं नाही. कपाट नीट झालं की ती येईल, असं कुठेतरी माझ्या डोक्यात बसलं.

पहिली चूक कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केली. कपाटाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'श्रावणापासून फुगली आहे. आता बघवत नाही. समजावून सांगणारा कोणी चांगला माणूस असल्यास सुचवावा.' फळी कशी दुरुस्त करायची ते समजावून सांगणारा, असं मला म्हणायचं होतं. आमच्या कॉलनीत निम्म्या लोकांच्या मोबाइलवर फोटो आपोआप उघडत नाहीत. नातवंडांनी नेट वाचवायला तशी सोय करून दिली आहे. लोकांना दिसला एक धुरकट चौकोन आणि त्याखाली माझं वाक्य.

अर्ध्या तासात शेजारच्या पार्वताबाई पोह्यांचा डबा घेऊन आल्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, मनाने मायाळू, आवाज मात्र तिसऱ्या घरापर्यंत जाणारा.

"भाऊ, मेसेज वाचला," त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. "श्रावणापासून फुगली म्हणता?"

"हो ना जी. मलेच उशिरा समजलं. दिवाळीले लक्षात आलं."

"तीन महिने तुमाले पत्ताच नाही?"

"वरून त चांगली दिसे."

"वरून त साऱ्याच चांगल्या दिसतात, भाऊ. आतून काय होऊन राहिलं ते पाहा लागते."

"आतून पार गेली जी. हात लावला का भुसा पडते." पार्वताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एका फळीसाठी इतकी हळहळ! मला भरून आलं. मी मन मोकळं केलं. "चूक माझीच आहे. आणतानाच स्वस्तात पाहून आणली. तवा थोडे जास्त टाकले असते त ही वेळ आली नसती."

पार्वताबाईंचा पदर खाली आला. "मंग आता काय करता?"

"दोन दिवस उन्हात ठेवून पाहतो. नाही जमलं त काढून टाकतो अन नवीन आणतो."

"नवीन? या वयात?"

"त्यात वयाचं काय जी? आजकाल घरपोच देतात. बसवूनही जातात."

पार्वताबाई उठल्या. चहा न घेता गेल्या आणि पोह्यांचा डबा परत घेऊन गेल्या. भरलेला डबा परत जाताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. म्हातारपणी विसराळूपणा येतो, असं मनात म्हणत मी कामाला लागलो.

पहिला प्रयत्न कंपनीकडे केला. कंपनीचं नाव सांगत नाही. बिचारी आता बंदही पडली असेल. वॉरंटी कार्डवर लिहिलं होतं, 'पाण्यापासून दूर ठेवावे.' सिंकखालचं कपाट पाण्यापासून दूर कसं ठेवायचं, याचा खुलासा नव्हता. फोनवरच्या मुलीने बिलाचा नंबर मागितला. बिल मी जपून ठेवलं होतं, त्याच कपाटात. ते आता फळीचाच भाग झालं होतं. मग ती म्हणाली, नोंदणीच्या मोबाइलवर ओटीपी पाठवते. नोंदणी कौतुकाने केशरच्या नावावर केली होती. दोन मिनिटांत पुण्याहून फोन.

"अजी, हा कायचा ओटीपी येऊन राहिला?"

"गॅसचा," मी म्हणालो.

"गॅसवाल्याले 'आमच्या किचन परिवारात स्वागत' लिवाले काय झालं?"

"आता ते सारेच तसं लिवतात." मी घाईने फोन ठेवला. चौतीस वर्षांच्या संसारात मी मोजकंच खोटं बोललो, आणि त्यात एकदाही पास झालो नाही.

मग बाबूलाल सुताराला बोलावलं. त्याने फळीचा कोपरा दोन बोटांनी मोडून माझ्या हातात दिला. "सायेब, हे लकडी थोडी आहे? बिस्कुट आहे बिस्कुट. चहात बुडवलं तुमी." आणि पार्वताबाईंच्या भिंतीकडे तोंड करून, सुतार लोक बोलतात तशा मोकळ्या आवाजात म्हणाला, "जुनीले कायले धरून बसता? हातपाय मोडले तिचे. नवीन आणा, पाहा घरात कशी रौनक येते ते!" भिंतीपलीकडे स्टीलचं काहीतरी पडल्याचा आवाज आला.

नव्याचा अंदाज ऐकून मी बाबूलालला दोन दिवस विचार करतो असं सांगितलं. हे आमचे समोरचे पुंडलिकराव ऐकत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते मोबाइलवर बघून सगळं शिकले आहेत. एकदा त्यांनी स्वतःचा दातही स्वतः काढला होता, चुकीचा. ते म्हणाले, "सोपं आहे. फुगलेल्या फळीत फेविकॉल मुरवाचा आणि वरून दाब द्याचा. दाबली का बसते खाली." दाब द्यायला त्यांनी गाडीचा जॅक आणला. फळीवर अर्धा किलो फेविकॉल ओतला, त्यावर जॅक उभा केला आणि वरचं टोक सिंकच्या बुडाला लावून दांडा फिरवायला सुरुवात केली. फळी थोडी खाली गेली. "पाहा," पुंडलिकराव म्हणाले. त्याच वेळी सिंक वर गेलं. पुढच्या फेऱ्याला नळाचा पाइप सांध्यातून निसटला.

पाणी छतापर्यंत गेलं. मेन कॉक बंद करायला मी गच्चीवर पोचेपर्यंत सिंकशेजारची तिन्ही कोरडी कपाटंही न्हाऊन निघाली. जॅक मात्र जागचा हलला नाही. फेविकॉलने तो फळीला असा धरला की शेवटी बाबूलालने फळीच जॅकसकट उचकटून काढली. पुंडलिकरावांची गाडी त्याच आठवड्यात साकोली रस्त्यावर पंक्चर झाली. त्यांनी मला फोन करून फळी मागितली.

जॅकच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सोमाजी आला. सोमाजी म्हणजे केशरचा धाकटा भाऊ. बपेऱ्याला धानाची शेती, बोलणं कमी, दात मजबूत. नव्या तांदळाचं चुंगडं, म्हणजे पोतं, घेऊन आला होता. त्याने स्वयंपाकघर पाहिलं, मला वरून खाली पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता सगळ्या फळ्या आणि दारं उचलून घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर पसरली. धान वाळू घालतात तशी. भोवती दगडांची ओळही लावली, गाड्यांनी बाजूने जावं म्हणून. शाळेची बस मुकाट्याने मागे गेली. आमच्या जिल्ह्यात रस्त्यावर दगडांची ओळ दिसली की ड्रायव्हर आत काय आहे ते विचारत नाही. सोमाजी दर अर्ध्या तासाने धानात फिरवतात तसा फळ्यांवरून पाय फिरवत होता. धान त्याने खालीवर होतं. दारं जागच्या जागी होती, पण त्याला त्याचं समाधान होतं.

दुपारी त्याने एका दाराचा कोपरा मोडला, तोंडात टाकला आणि दाढेखाली धरला.

"ओली हाय," तो म्हणाला.

"अरे, चावून कायले पाहतेस?"

"धान कसं पाहतो आपण, भाऊजी? दाताखाली कट्ट वाजलं त सुकलं. हे भातावानी दबून राहिलं. घ्या, पाहा."

आता मी तपासणी विभागातला माणूस. दुसऱ्याच्या निष्कर्षावर सही करायची सवय नाही. मी दुसऱ्या दाराचा तुकडा घेतला आणि चावला. खरंच ओला होता. तिसरं दार दोघांनी मिळून तपासलं. मान वर केली तेव्हा खिडकीत पार्वताबाई दिसल्या. त्यांच्या कानाला फोन होता.

सोमाजीने भुसा थुंकला आणि माझ्या मनगटाला हात लावला. "फळी सुकाची तवा सुकन. तुमीच सुकले, भाऊजी. बाईले बोलवा." थोरल्या बहिणीला तो बाई म्हणतो.

"तिकडे हर्षाचं लेकरू आहे. ती यायची तेव्हा येईल."

"बोलावलं काय?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. भरदुपारी केशरचा फोन कधी येत नाही.

"तुमी दारं खाऊन राहिले म्हणते?" ती म्हणाली.

"खाऊन नाही. चावून पाहिली. सोमाजीनं सांगितलं."

"अन नवीन आणून राहिले म्हणते?"

"हो. म्हणजे जमलं त. बाबूलालनं अंदाज दिला आहे."

ती अगदी हळू म्हणाली, "बाबूलाल मध्यस्थ आहे काय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत उभं राहिलं. धुरकट फोटो, परत गेलेले पोहे, भिंतीपलीकडचं स्टील. मी रस्त्यावरच एका दगडावर बसलो. "फळी व, केशर! फळी! सिंकखालची फळी फुगली. पाइप गळला. तुले सांगितलं नाही, कारण तू म्हटलं होतं कडप्पा लाव, आणि मी ऐकलं नाही."

मला वाटलं, ती आता हसेल. ती हसली नाही.

"अन मी?" ती म्हणाली.

"तू काय?"

"मी नाही फुगली? पाच महिने झाले. रोज फोन करता. जेवलो, झोपतो, मोटर दुरुस्त झाली, पेपर बदलला. एक दिवस तरी म्हटलं काय, केशर, ये आता? मले वाटलं, यांचं चांगलं चाललं आहे. यांना आपली काही गरज नाही."

"म्हटलं असतं त तुले हर्षाले सोडून..."

"हर्षाचं मी पाहीन. तुमी म्हणाचं होतं."

बाजूला सोमाजी तोंडात फळीचा तुकडा धरून उभा होता. मला लाज वाटत होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण 'ये' म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती. ती घरात असायची. असलेल्या माणसाला कोण बोलावतं?

"ये ना व," मी म्हणालो. "करमत नाही मले."

"आवाज कायले ओला होऊन राहिला?"

"सर्दी झाली."

"सोमाजीले चावून पाहाले सांगा," ती म्हणाली, आणि मग हसली. पाच महिन्यांत ते हसू मी पहिल्यांदाच पुरतं ऐकलं.

हर्षाची सासू आठ दिवसांसाठी बाळाजवळ येऊन राहिली आणि केशर आली. दारात स्वतःच्या चपला बघून तिने त्यात पाय घालून पाहिले, होतात का म्हणून. मग थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे कपाटं नव्हती; ओटा नुसत्या आधाराच्या भिंतींवर उघडाबोडका उभा होता. कोपऱ्यात रचलेल्या फळ्यांपैकी एकीचा कण तिने मोडला, दाढेखाली धरला आणि थुंकून टाकला. शेवटी सोमाजीचीच बहीण. "ही नाही सुकत," ती म्हणाली. "फेका."

मग घरात कडप्पा आला. पवनीचा मंगरू मिस्त्री आला, पाटीभर सिमेंट, आठवडाभर धूळ, आणि त्या धुळीत केशर डोक्याला रुमाल बांधून मिस्त्रीला हुकूम सोडत होती. चहा आताही दोनच कप होत होता, पण मी त्यातला एकच पीत होतो. पार्वताबाई पोह्यांचा डबा घेऊन आल्या. या वेळी तो ठेवून गेल्या, पण माझ्याकडे बघताना अजून थोडं जोखूनच बघत होत्या. संध्याकाळी आम्ही ओट्याशी उभं राहून भाकर खायचो, कारण बसायला जागा नव्हती. इतकी गैरसोय मी आयुष्यात कधी सोसली नाही, आणि ती संपू नये असं मला फार वाटत होतं.

सातव्या दिवशी तीन खण झाले. काळे, थंड, धुतले की झालं. चौथ्या खणाचं माप घ्यायला मंगरू वाकला तेव्हा मी म्हणालो, "हा राहू दे. बाबूलालकडे भुशाची एक फळी आणि एक दार उरलं आहे, तेच बसवू. बजेट संपलं."

"सिंकच्या बाजूचा खण आहे तो," केशर म्हणाली. "तिथंच पाणी जाते. अन तिथं पुन्हा भुशाची फळी?"

"आता पाइप नवीन आहे. गळत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मंगरूला म्हणाली, "राहू द्या भाऊ. यांना मॉड्युलरची आवड आहे."

आठव्या दिवशी मी तिला वरठीच्या स्टेशनवर सोडायला गेलो. पाण्याची बाटली दिली, खिडकीची जागा मिळाली का ते बघितलं, चार्जर घेतला का ते विचारलं. एवढं झाल्यावर माणसाला बोलायला काही उरत नाही. गाडी हलली तेव्हा ती गजाला धरून म्हणाली, "कडप्प्याले आता काई होत नाही. पण अजून काई फुगलं त सांगजा. येईन."

आता मी रोज 'ये' म्हणतो. तो शब्द एकदा निघाला की जड जात नाही. तिलाही यावंसं वाटतं, हे ती सांगते आणि मला ते खरं वाटतं. पण बाळ नुकतं बसायला लागलं आहे, हर्षा सकाळी आठला ऑफिसला निघते, आणि नुसत्या मनाने कोणाला गाडीत बसता येत नाही. काहीतरी कारण लागतं.

म्हणून सकाळी भांडी घासताना मी नळ जरा मोठा सोडतो. थोडं पाणी ओट्याच्या कडेवरून चौथ्या खणाकडे ओघळतं. मी पुसत नाही. तीस वर्षं मी माल पास होतो की नाही ते बघत आलो, पण रिजेक्ट होण्याची वाट बघत इतका कधी वाकलो नव्हतो. आज गुडघ्यांवर बसून दार उघडलं, फळी बोटाने दाबली आणि मागच्या कोपऱ्याचा एक कण मोडून दाढेखाली धरला.

ओला आहे.